शपथ मजुराची, धूर कोणाचा?

जून आला की शाळा-ग्रामपंचायतीत हात पुढे करून शपथ होते. मी वीज वाचवीन, पाणी वाचवीन, एक झाड लावीन. त्या रांगेत रोवणीला जाणारी आपली मायही उभी असते. घरात दोन दिवे, एक पंखा. तिने आणखी वाचवायचे तरी काय?

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचा महापूर भंडाऱ्याने भोगला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचे पाणी सोडले, त्यात पावसाचा जोर, आणि शहरातल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. जेमतेम महिन्याभराने, 2 ऑक्टोबरला, राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. त्यात नगरपालिका-ग्रामपंचायतींच्या कामालाही गुण असतात, हे मान्य. पण नागरिकाच्या वाट्याला येते ती शपथच.

हा वाद आपल्याला नवा नाही. 14 नोव्हेंबर 1932 रोजी लंडनला जाताना बाबासाहेबांनी ठक्करबाप्पांना पत्र लिहिले. गांधीजींच्या प्रेरणेने निघालेल्या अस्पृश्यता निवारण संस्थेचे, म्हणजे पुढच्या हरिजन सेवक संघाचे, ते सरचिटणीस होते. पत्रातला प्रश्न सरळ होता: माणसाची दैना त्याच्या वागण्यामुळे की परिस्थितीमुळे? बाबासाहेबांचे उत्तर होते, परिस्थितीमुळे. दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये यांनी मोजकी माणसे सुधारतील, वर्ग उठणार नाही. म्हणून विहिरी, शाळा, चावडी यांवरच्या हक्काची मोहीम उघडा, असे त्यांनी सुचवले. महाडला 20 मार्च 1927 ला हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, ते ‘मी पाणी जपून वापरीन’ असे म्हणायला नव्हे.

आज तोच डाव हवामानाच्या नावाने चालला आहे. प्रत्येकाने आपला ‘कार्बन फूटप्रिंट’ मोजावा, ही कल्पना जगभर जाहिरातींतून कोणी पसरवली? बीपी या तेल कंपनीने. तेल विकणारा नामानिराळा, हिशेब गिऱ्हाइकाच्या माथी! आपल्या शेजारी तिरोड्याला 3300 मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र आहे. 1999 पर्यंत तिरोडा भंडारा जिल्ह्यातच होता. त्या धुराड्यापुढे मजुराच्या एका पंख्याचा हिशेब मांडायचा का?

संविधानाकडेही पाहा. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने पर्यावरणाबद्दल दोन गोष्टी आल्या: कलम 48-क मध्ये राज्याची जबाबदारी, 51-क मध्ये नागरिकाचे कर्तव्य. शपथेत फक्त दुसरी ऐकू येते. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा कलम 14 आणि 21 मधला हक्क मानला. तो हक्क शाळेच्या फळ्यावर कोण लिहील?

मग उपाय ‘सामूहिक’ म्हणून गावाच्या हाती सोपवायचा? इथे मी थबकतो. खैरलांजी याच जिल्ह्यात आहे. गावाची एकी एका बौद्ध कुटुंबाचे काय करते, हे 29 सप्टेंबर 2006 ला दिसले. मामा तलावाचा गाळ काढला की तो जाणार जमीनवाल्याच्या बांधीत. भूमिहीनाला काय? तळ्यावर जगणाऱ्या ढिवरांना कोणी विचारले? ‘आपण सगळे एकाच नावेत’ म्हणणाऱ्याला नावेत कोण बसले आहे आणि पाण्यात उभे राहून ती कोण ओढते आहे, हे आधी विचारले पाहिजे.

मी झाडे लावू नका म्हणत नाही. मीही लावतो. पण 1972 च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळाले ते शपथेने नव्हे. मजूर रस्त्यावर आले, मोर्चे निघाले, आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पाऊस लांबला आणि पऱ्हे वाळले की आज शेतकऱ्याचा पंचनामा तरी होतो. जिची रोवणी बुडाली त्या मजूर बाईचे नाव त्या कागदावर नसते.

तेव्हा येत्या ग्रामसभेत वस्तीतल्या बायकांनी मिळून दोन ठराव मांडावेत. रोवणी बुडाली तर मजुरी बुडाल्याची भरपाई मजुराला. मामा तलावाच्या कामात, गाळात आणि मासळीत भूमिहीनांचा व ढिवरांचा वाटा. सरपंच ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणाले, तर ठराव नामंजूर केल्याचे लेखी मागा आणि त्याची प्रत घेऊनच उठा.

जयभीम.