टाचदुखी : इलाज घरातच, पण रोज हवा

फजरला उठून पाय जमिनीवर ठेवला की टाचेत खिळा टोचल्यासारखी कळ येते. थोडे चालले की ती कमी होते. खूप वेळ उभे राहिले की संध्याकाळी पुन्हा ठणका सुरू. चाळिशीनंतर ही तक्रार बऱ्याच घरांत असते आणि घरातील बाई ती बहुधा अंगावर काढते.

टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. कडक फरशीवर तासन्‌तास अनवाणी उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेली पोटरी, झिजलेली चप्पल यांमुळे त्यावर ताण येतो. रात्रभर तो आखडतो, म्हणून पहिले पाऊल सर्वांत जास्त दुखते. एक्स-रेत ‘हाड वाढलेले’ दिसले तरी घाबरू नका. टाच न दुखणाऱ्या अनेकांनाही ते असते.

हे करून पाहा :

• अंथरुणातून उठण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. बोटे हाताने नडगीकडे ओढून १० आकडे मोजा. असे १० वेळा, दिवसातून ३ वेळा.

• भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवा. टाच न उचलता, गुडघा सरळ ठेवून पुढे झुका. पोटरीला ३० सेकंद ताण द्या, ३ वेळा.

• पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून तळव्याखाली १० मिनिटे फिरवा.

• घरातही मऊ तळव्याची चप्पल वापरा. भाजी चिरणे, पीठ मळणे बसून करा.

गुण यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. चार दिवसांत व्यायाम सोडू नका. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेऊ नका. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या बाधतात.

मधुमेह असेल तर मात्र बर्फ किंवा गरम पाण्याचा शेक स्वतःच्या मनाने घेऊ नका. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर इजा झालेली कळतही नाही. पायाला सूज, बधिरपणा, जखम, ताप, रात्री झोपेतही दुखणे किंवा पाय टेकताच न येणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे लगेच जा.

या इलाजाला पैसा जवळजवळ लागत नाही, वेळ लागतो. अम्मीला तो मिळावा म्हणून घरातील इतरांनी तिची थोडी कामे वाटून घ्यावीत.