जांघेतली गाठ काय सांगते

द्राक्षाच्या छाटणीचे दिवस आले की निफाड-दिंडोरीकडे एक तक्रार कानावर येतेच. पायात काटा मोडतो, दोन-तीन दिवसांनी पाय ठणकायला लागतो आणि जांघेत अवधाण येतं. काटा विसरला जातो, धास्ती घेतली जाते ती गाठीची. खरं तर ती गाठ आपल्या बाजूची असते.

काट्याबरोबर जिवाणू कातडीखाली शिरतात. तिथे मुक्कामी असलेल्या भक्षक पेशी त्यांना ओळखतात आणि रसायनं सोडतात. आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, सुजते, गरम लागते. मग रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटतात, फटीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि रसायनांचा माग काढत जखमेपर्यंत पोचतात. जिवाणूला गिळून त्याच्यावर त्या जे सोडतात, ते ब्लीचिंगच्या जातीचं जहाल द्रव्य असतं. या कामात त्या स्वतःही मरतात. पू म्हणजे बहुतांशी हीच मेलेली फौज. त्यातली हिरवट झाकसुद्धा त्यांच्याच एका विकराची. त्यांची जागा घ्यायला अस्थिमज्जा रोज सुमारे 10,000 कोटी नव्या पेशी घडवते. जांघेतल्या गाठीत तोवर दुसऱ्या जातीच्या पेशी, लिम्फोसाइट, भराभर वाढून प्रतिपिंडांची तयारी करत असतात.

पेशी जिवाणू गिळतात हे इल्या मेचनिकोव्ह यांनी ताडलं तेही काट्यावरूनच. 1882 साली इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसले आणि काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला पाहिला. ओडेसातले त्यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन पुढे मुंबईत आले, प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

आपल्या भागात गाठीची धास्ती उगाच नाही. 1899 मध्ये भगूरच्या सावरकरांच्या घरात प्लेग शिरला. वडील दामोदरपंत गेले, त्यांचे भाऊ गेले. मुलांपैकी बाबाराव आणि धाकटे नारायणराव आजारी पडूनही वाचले. प्लेगचा जंतू विलक्षण कावेबाज. भक्षक पेशीने गिळलं तरी तो तिच्या पोटात तगतो, तिच्यातूनच गाठीपर्यंत जातो आणि पुढे पेशींमध्ये प्रथिनं टोचून त्यांना लुळं पाडतो. म्हणजे प्लेगची ती गाठ हे हरत चाललेल्या लढाईचं ठिकाण होतं. हाफकिन यांनी मारलेले जंतू टोचून शरीराला शत्रूची ओळख आधीच करून दिली. प्रतिपिंड चिकटलेला जंतू गिळणं पेशींना सोपं जातं.

हे सगळं मांडण्याचं कारण आजचं आहे. काटा रुतला, जरा सुजलं, की मेडिकलवाल्याकडून दोन अँटिबायोटिक गोळ्या घ्यायच्या आणि बरं वाटलं की सोडून द्यायच्या, ही सवय मला फार चिंतेची वाटते. औषध जंतूंना मारतं, त्यांची वाढ रोखतं. निकाल लावायला पेशी लागतात. केमोथेरपीत न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णाला एरवीचे साधे जंतूही जिवावर बेततात, भारी अँटिबायोटिक सुरू असतानासुद्धा. मग पेशी धड आहेत का, हे आपण कधी विचारणार?

या पेशींना फार नाडते ती वाढलेली साखर. मधुमेह आटोक्यात नसला की न्यूट्रोफिल जखमेकडे नीट वळत नाहीत, गिळलेला जंतू पुरता मारत नाहीत. त्यात पायाची जाणीव गेलेली असली तर काटा बोचल्याचं कळतच नाही, आणि चार दिवसांत बोट काळं पडू शकतं. बागेत अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेवर राबणाऱ्या किती मजुरांची साखर कुणी तपासली आहे?

छाटणीच्या हंगामात मजुरांच्या टोळ्या एकेका बागेत दिवसदिवस असतात. आरोग्य केंद्राच्या माणसाने तिथे जाऊन बोटाच्या थेंबावर साखर बघावी, तळपाय उलटून पाहावेत, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारावं. बागायतदारांनी छाटणीच्या खर्चात बुटांचे पैसे धरावेत. आणि जखमेभोवतीची लाली पायावरून वर चढत असेल, थंडी वाजून ताप भरत असेल, तर मेडिकलच्या गोळीवर न राहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.