भीमथडीसाठी नर निवडताना

ठाणे-खोपट भागात घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत. पश्चिम महाराष्ट्रातील धनगरांचा संसार मात्र आजही भीमथडी घोड्याच्या पाठीवरून हलतो. या घोड्याला २०२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. आता पैदाशीसाठी नर कोणता, हा प्रश्न येणारच, आणि मागणी साहजिकच गाजलेल्या नराला असेल.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत नेमके हेच झाले. आजच्या सुमारे ९५ टक्के थरोब्रेड नरांची पितृपरंपरा १७०४ मध्ये इंग्लंडात आणलेल्या एकट्या डार्ली अरेबियनपर्यंत पोहोचते. वेग मिळाला, पण वंश आकसला. जवळच्या नात्यातील संकराचा धोका अरबी घोड्यांत कळतो. त्यांच्यातील एका आनुवंशिक दोषात शिंगरू जन्मतः ठणठणीत दिसते आणि प्रतिकारशक्तीअभावी काही महिन्यांत दगावते. आईबाप दोघेही निरोगी, पण वाहक, थॅलेसेमियासारखेच. अशा जोडीच्या प्रत्येक शिंगराला धोका चारात एक. वाहक कोण, हे वंशावळीच्या कागदावर नसते. जनुक चाचणीत कळते. (पत्रिका जुळली की रक्ततपासणी कशाला, असे विचारणारी स्थळे दवाखान्यात अजूनही येतात.)

भीमथडीची संख्या थोडी. म्हणून एकाच विजेत्याकडे सगळ्या घोड्या नेऊ नयेत. कळपागणिक वेगळा नर ठेवावा आणि त्याच्या मुली वयात येण्याआधीच तो दुसऱ्या कळपाला द्यावा.