त्रसरेणु आणि पवईचें सोंवळें

झरोक्यांतून आलेल्या उन्हाच्या तिरपेंत जे धूलिकण तरंगतांना दिसतात, त्यांस आपल्या शास्त्रकारांनीं त्रसरेणु हें नांव दिलें आहे. डोळ्यांस दिसणारें तें सर्वांत लहान परिमाण. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या एका प्रयोगशाळेंत मात्र हा त्रसरेणु पर्वतासमान गणला जातो! (यावरून प्राचीनांस ही विद्या अवगत होती असें कोणीं समजूं नये, ती सर्वस्वीं नवी आहे.)

केंद्र सरकारच्या साह्यानें २००६ सालीं तेथें आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत अतिसूक्ष्म विद्युत्-साधनांचें संशोधनकेंद्र सुरू झालें. वाळूपासून काढलेल्या सिलिकॉनच्या शुद्ध चकतीवर ट्रान्झिस्टर घडवावयाचे, हें तेथील कार्य. ट्रान्झिस्टर ही विजेची तोटीच होय. मात्र ती केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनहि लहान असूं शकते. तोटीच्या दांडीखालीं विद्युत्‌रोधक पापुद्रा असतो. तो झिजवीत झिजवीत सुमारें पांच अणूंइतका पातळ केला, तेव्हां विलक्षण अडचण उभी राहिली. इलेक्ट्रॉन भिंतीस भोंक न पाडतांच पलीकडे जाऊं लागले! तोटी बंद असतांहि वीज झिरपूं लागली आणि यंत्र तापूं लागलें. २००७ सालीं इंटेल या अमेरिकन कंपनीनें हॅफ्नियमयुक्त ऑक्साइडाचा अधिक जाड पापुद्रा योजून ही गळती पुष्कळ आटोक्यांत आणली.

असल्या कामीं एक धूलिकणहि घात करतो. म्हणून आंत जातांना सर्वांग झांकणारा झगा, टोपी, हातमोजे. हवाहि गाळून घेतलेली. आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांस हा नेम निराळा समजावून सांगावयास नको. भेद एवढाच कीं, हें सोंवळें कुळगोत्र विचारीत नाहीं, कण मोजतें.

आतां आपल्या घरचा प्रश्न. चुडाव्याच्या, पूर्णेच्या मुलांनीं नांदेडास वा परभणीस पदार्थविज्ञान शिकावें, आणि पुढें फळ्यावरील आकृतीवरच समाधान मानावें, असें आजवर चालत आलें. परंतु २००८ पासून या केंद्रांनीं बाहेरच्या महाविद्यालयांतील संशोधकांसहि आपलीं दारें उघडलीं. प्रस्ताव मान्य झाला तर तेथें जाऊन स्वहस्तें उपकरण घडवितां येऊं लागलें. मुलगा निघाला तर आपण डबा बांधून देतों. मुलगी निघाली कीं ‘परक्या गांवीं रात्रीं प्रयोगशाळेंत कशी राहील?’ म्हणून माजघरांत खल सुरू होतो. ही सबब मला मुळींच मान्य नाहीं. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांस प्रथम भेटावें, राहण्याची सोय विचारावी, आणि प्रस्ताव लिहावयास तिला घरांतील एक निवांत खोली द्यावी.