मोठ्या टायरचा मोह आणि दोन सेंटिमीटरचे गणित

ऑक्टोबर २०२० मध्ये महिंद्रची नवी थार आणि जून २०२३ मध्ये मारुती सुझुकीची जिम्नी बाजारात आली. एके काळी मूठभर हौशी मंडळींपुरती मर्यादित असलेली 'फोर बाय फोर' गाडी त्यानंतर मुंबई-पुण्यातील सोसायट्यांच्या वाहनतळांवरही दिसू लागली. गाडी घेतली की पहिला मोह होतो तो मोठ्या टायरचा. सस्पेन्शन बदलून गाडी उंच करण्याचे काम खर्चिक असते. त्यामुळे 'निदान टायर तरी मोठे घालू' असा सोपा मार्ग अनेकजण निवडतात. तो दिसतो तितका सोपा मात्र नाही.

जिम्नीचे उदाहरण घेऊ. तिच्या मूळ टायरचे माप १९५/८० आर १५ आहे. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १५ इंचांची. या हिशेबाने टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातल्यास व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर होतो. वाढ चार सेंटिमीटरची दिसली, तरी गाडी जमिनीपासून उचलली जाते ती त्याच्या निम्मी, म्हणजे अवघे दोन सेंटिमीटर.

या दोन सेंटिमीटरची किंमत काय? सस्पेन्शन मूळचेच असल्याने चाकावरच्या कमानीतील जागा वाढत नाही. सरळ रस्त्यावर सारे ठीक वाटते. परंतु स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना चाक खड्ड्यातून वर उसळले, की टायर मडगार्डच्या आतील भागाला घासतो. बाहेर काढलेली रिम बसविल्यास हा धोका वाढतो. टायरचा परीघ जवळपास सहा टक्क्यांनी वाढल्याने स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो. मूळ टायरवर अचूक असलेला काटा ताशी ८० किलोमीटरवर असेल, तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८४ च्या पुढे गेलेली असते. चढावर इंजिनाचा जोर कमी पडतो आणि उतारावर ब्रेकला अधिक कष्ट घ्यावे लागतात. ताम्हिणी किंवा माळशेजच्या ओल्या वळणावर हा फरक कागदी राहत नाही. मागच्या दारावर टांगलेली स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी लागते आणि तिचे वाढीव वजन बिजागऱ्यांवर येते.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनीने अशा बदलावर बोट ठेवल्यास दावा अडचणीत येऊ शकतो.

मग मर्यादा कोठे आखावी? याचे उत्तर बऱ्याचदा उत्पादकच देतो. २०२० च्या थारला प्रकारानुसार २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशी दोन मापे मिळाली. त्यांच्या व्यासात जेमतेम दीड सेंटिमीटरचा फरक आहे. सर्व चाचण्या करून खुद्द कंपनी एवढाच फरक ठेवत असेल, तर गॅरेजमध्ये अर्ध्या तासात त्याच्या दुप्पट-तिप्पट उडी मारण्यापूर्वी मालकाने विचार केलेला बरा.

शिवाय चिखलात गाडी अडते ती बहुतेकदा पकड नसल्यामुळे. मूळ मापातच खोल नक्षीचा 'ऑल टेरेन' टायर घेणे, त्याचा भार आणि वेग निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नाही ना हे पाहणे, चिखलात हवा थोडी कमी करणे आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरणे, एवढ्याने हौशी चालकाची बहुतांश गरज भागते. यात गाडी रुबाबदार कमी दिसेल. पण घाटात चालकाला तारतात ते ब्रेक आणि पकड, रुबाब नव्हे.