स्वतंत्र देशातला कैदी : गोपालन, ‘क्रॉसरोड्स’ आणि साम्यवादाची धास्ती

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा मलबारचे साम्यवादी नेते ए. के. गोपालन कण्णूरच्या तुरुंगात होते. ऑक्टोबरमध्ये ते सुटले आणि डिसेंबरमध्ये पुन्हा आत गेले. नेहमीच्या फौजदारी कायद्याखाली त्यांना झालेल्या शिक्षा न्यायालयात रद्द ठरल्या, तरी स्थानबद्धतेचे हुकूम सुटत नव्हते. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. गोपालन तेव्हाही गजांआडच होते.

सरकारची धास्ती निराधार होती, असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९४८ च्या आरंभी कलकत्त्याच्या अधिवेशनात कम्युनिस्ट पक्षाची सूत्रे बी. टी. रणदिवे यांच्याकडे गेली आणि पक्षाने हे स्वातंत्र्य खोटे असल्याचे जाहीर केले. तेलंगणात निजामाविरुद्ध उचललेली शस्त्रे हैदराबाद भारतात विलीन झाल्यावरही खाली आली नाहीत. ऑक्टोबर १९४९ मध्ये चीनमध्ये माओची राजवट आली. फाळणीच्या जखमा ओल्या असलेल्या राज्यकर्त्यांची झोप उडावी, एवढे हे सारे पुरेसे होते.

प्रश्न धास्तीच्या खरेखोटेपणाचा नाही. त्या धास्तीपोटी कोणता कायदा जन्माला आला, याचा आहे.

घटना अमलात येऊन जेमतेम महिना झाला होता. फेब्रुवारी १९५० मध्ये गृहमंत्री सरदार पटेल यांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेचे विधेयक मांडले आणि ते तातडीने मंजूर झाले. मुदत एका वर्षाची. १ मार्च रोजी तुरुंगातच गोपालन यांच्या हाती या नव्या कायद्याचा हुकूम पडला. या कायद्याचे चौदावे कलम विलक्षण होते : स्थानबद्ध माणसाला अटकेची जी कारणे कळवली, ती न्यायालयासमोर उघड करण्यासही बंदी! म्हणजे न्यायाधीशाने निवाडा करायचा, पण कशाचा, हे त्याला कळता कामा नये.

गोपालन थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्यांचा पक्ष हे स्वातंत्र्यच खोटे मानत होता, त्यांनी त्याच स्वातंत्र्याच्या घटनेकडे दाद मागितली. यातली विसंगती विरोधकांनी खुशाल हिणवावी. पण घटना आपल्या टीकाकारांनाही दार उघडते की नाही, याची पहिली मोठी परीक्षा तीच होती.

निकाल १९ मे १९५० चा. चौदावे कलम सहाही न्यायमूर्तींनी रद्द केले. उरलेला कायदा मात्र बहुमताने टिकला. संसदेने केलेल्या कायद्यात कार्यपद्धती सांगितली आहे ना, मग ती न्याय्य आहे की नाही हे न्यायालयाने तपासायचे नाही; एकोणिसाव्या कलमातली स्वातंत्र्ये वेगळी आणि एकविसाव्यातले व्यक्तिस्वातंत्र्य वेगळे, असा बहुमताचा अर्थ. न्या. फजल अली यांनी आपल्या भिन्नमतपत्रात हा अर्थ नाकारला.

आठवड्याभराने, २६ मे रोजी, वारे उलटे वाहिले. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने राज्यात प्रवेशबंदी केली होती. संपादक रोमेश थापर (इतिहासकार रोमिला थापर यांचे बंधू) न्यायालयात गेले आणि जिंकले. राज्याच्या सुरक्षेला धोका असेल तरच मुद्रणावर बंधन घालता येईल. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निमित्त पुरणार नाही, असे बहुमताने ठरले. त्याच दिवशी, त्याच तत्त्वावर, दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’ या संघविचाराच्या साप्ताहिकावरील पूर्वतपासणीही रद्द झाली. डाव्यांना मिळालेले संरक्षण उजव्यांच्याही कामी आले. गंमत अशी की गोपालन यांच्या बाजूने उभे राहिलेले फजल अली या दोन्ही खटल्यांत सरकारच्या बाजूने होते. माणसे साच्यात बसत नाहीत, ती अशी.

सरकारचे उत्तर वर्षभरात आले. मे १९५१ मध्ये नेहरूंनी पहिली घटनादुरुस्ती मांडली आणि जूनमध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ निर्बंधांच्या यादीत शिरली. दुरुस्तीमागे जमीनदारी आणि आरक्षण हीही कारणे होती. शिवाय निर्बंध ‘वाजवी’ असावेत, ही मोलाची अटही त्याच दुरुस्तीने घातली. कायदामंत्री डॉ. आंबेडकर यांनी तिचे समर्थन केले, श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी कडाडून विरोध केला. तरीही एक गोष्ट खटकते. ही हंगामी संसद होती, प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हे. सार्वत्रिक निवडणूक काही महिन्यांवर आली होती. एवढी घाई कशाची होती?

त्याच निवडणुकीत गोपालन लोकसभेवर निवडून आले. ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षाने तेलंगणातला सशस्त्र लढा मागे घेतला होता. १६ जागांसह कम्युनिस्ट हा लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी गट ठरला. हे लष्कर आणि तुरुंग यांमुळे घडले, की मतपेटीमुळे? दोन्हींचा वाटा असणार. पण ज्या संकटासाठी कायदा केला, ते संकट आता प्रश्नोत्तराच्या तासाला सभागृहात बसू लागले होते, आणि कायदा मात्र हटला नाही. एका वर्षासाठी आलेला तो कायदा मुदतवाढ घेत १९६९ च्या अखेरपर्यंत जगला. १९७१ मध्ये ‘मिसा’ आला, आणि आणीबाणीत समाजवादी, जनसंघी, सर्वोदयी असे सारेच त्याखाली आत गेले. मार्क्सवादीही.

१९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोपालन निकालातला तो कप्पेबंद अर्थ नाकारला. कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीच हवी, हे मनेका गांधी खटल्यात ठरले, ते २५ जानेवारी १९७८ रोजी. गोपालन तेव्हा हयात नव्हते. २२ मार्च १९७७ रोजी ते वारले. आणीबाणी आदल्याच दिवशी उठली होती.