दीर्घकर्णाचे कान

हितोपदेशांत जरद्गव नांवाच्या आंधळ्या गिधाडास फसविणारा जो बोका आहे, त्याचें नांव दीर्घकर्ण. मांजराचें सारें सामर्थ्य कानांत असतें, हें त्या कथाकारास ठाऊक असावें. हल्लीं मात्र मुडपलेल्या कानांच्या मांजरांचें वेड घरोघर शिरूं पाहत आहे. आमच्या वडशासारख्या गांवींही मुलें त्यांचीं चित्रें दाखवून हट्ट धरतात, नि वडीलधारी मंडळी कौतुकानें मान डोलविते, म्हणून हा विषय घेतला.

सन १९६१ मध्यें स्कॉटलंडांतील एका शेतावर सूझी नांवाची पांढरी मांजरी आढळली. तिचे कान पुढें दुमडलेले होते. तिच्यापासून ही जात निघाली. कान दुमडतो तो कूर्चेच्या दोषामुळें, आणि कूर्चा कांहीं केवळ कानांतच नसते. पायांच्या व शेपटीच्या सांध्यांतही तोच दोष उतरतो. मांजर ताठरतें, उडी टाळूं लागतें, आणि आपण म्हणतों, काय शांत स्वभाव! आई व बाप दोघेही तसल्याच कानांचे असले तर पिलांचे हाल विचारूं नयेत. पर्शियन मांजराचें नाक पिढ्यान्‌पिढ्या चपटें करीत नेलें, त्याची किंमत तें बिचारें श्वासाश्वासास मोजतें.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, माणसानें निवड केली नसती तर धान तरी कोठून आलें असतें?" प्रश्न रास्त आहे. आमच्याच बाजूस, नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवच्या दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं शेतांतील निराळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेगळ्या काढल्या, आणि वर्षानुवर्षें निवड करून 'एचएमटी' तांदूळ सिद्ध केला. शिक्षण इयत्ता तिसरीपर्यंत! तेही वेगळेपणच शोधीत होते. परंतु लोंबीस दुखत नाहीं, आणि त्या निवडीनें पुष्कळांच्या ताटांत भात पडला. मांजराच्या कानाच्या घडीनें कोणाचें पोट भरतें? विकणाऱ्याचें तेवढें.

नेदरलंडांत १ जानेवारी २०२६ पासून दुमडलेल्या कानांचीं व केसविरहित मांजरें नव्यानें पाळण्यास बंदी झाली. आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्ध १९६० चा कायदा आहे. परंतु २०१७ चे पैदाशीचे नियम आहेत ते कुत्र्यांचे. तेव्हां गिऱ्हाइकानेंच हात आखडता घ्यावा हें बरें.

मुलांना मांजर हवेंच असेल तर भातगिरणीच्या दारीं विचारावें. तेथें पोत्यांआड वाढलेलीं, उभ्या कानांचीं पिलें फुकट मिळतात, उंदीरही मारतात.